‘नको’ म्हटल्यानंतर काय? नीत्शेचे स्वातंत्र्य आणि स्वतःवरची मात

‘मला माझ्या मनासारखं जगायचं आहे.’ हे वाक्य आज जवळजवळ प्रत्येक घरात कोणी ना कोणी म्हणत असते. बारावीनंतर कोणती शाखा घ्यायची हा विषय निघाला की मुलगा म्हणतो. स्थळ आले की मुलगी म्हणते. तीस वर्षे एकाच टेबलाशी बसून निवृत्तीला आलेले बाबा म्हणतात. मुले शिकायला, नोकरीला बाहेर पडली की आईही म्हणते, फक्त थोड्या हळू आवाजात.

या वाक्याला विरोध करणारे घरात असतात, नात्यात असतात, समाजात असतात. त्यांच्याशी भांडावे लागते आणि ते भांडण खरे असते. पण समजा, भांडण जिंकले. आता कोणी अडवत नाही, कोणी जाब विचारत नाही. सगळा रविवार आपला आहे. मग काय होते? अनेकदा एवढेच होते, की उशीशेजारचा मोबाइल हातात येतो आणि दुपार कधी झाली ते कळत नाही. अडवणारे कोणीच नव्हते, तरी आपल्याला हवे होते ते झाले नाही.

सुमारे दीडशे वर्षांपूर्वी एका जर्मन विचारवंताने नेमके याच दुखण्यावर बोट ठेवले. फ्रीडरिश नीत्शे हे त्याचे नाव. तुम्ही कशापासून सुटलात, यापेक्षा कशासाठी सुटलात, हा त्याचा प्रश्न होता. देव नाकारणारा बंडखोर म्हणून किंवा हिटलरच्या संदर्भात त्याचे नाव अनेकांच्या कानावर आलेले असते. पण स्वातंत्र्याबद्दल तो जे सांगत होता, ते या दोन्ही ओळखींपेक्षा आपल्या रोजच्या जगण्याच्या खूप जवळचे आहे.

पाद्रीच्या घरातला मुलगा

नीत्शेचा जन्म १५ ऑक्टोबर १८४४ रोजी आजच्या जर्मनीच्या पूर्व भागातील रॉकेन या खेड्यात झाला. वडील ल्यूथरन पंथाचे पाद्री होते. मुलगा पाच वर्षांचा होण्याआधीच ते वारले आणि पुढच्याच वर्षी धाकटा भाऊही गेला. आई, आजी, दोन आत्या आणि धाकटी बहीण एलिझाबेथ अशा माणसांत, नाउमबुर्ग गावी तो वाढला. हुशार, गंभीर, धार्मिक वृत्तीचा मुलगा. हा मोठा होऊन वडिलांसारखा पाद्री होणार, हे घरच्यांनी जणू धरूनच चालले होते.

त्याप्रमाणे १८६४ मध्ये तो बॉन विद्यापीठात धर्मशास्त्र शिकायला गेला. पण पुढच्याच वर्षी ईस्टरला घरी आला तेव्हा चर्चमधल्या पवित्र विधीत भाग घ्यायला त्याने नकार दिला. विधवा आईसाठी हा मोठा धक्का होता. त्याने धर्मशास्त्र सोडले आणि प्राचीन ग्रीक-लॅटिन भाषांचा अभ्यास धरला. त्यातही तो इतका चमकला की १८६९ मध्ये, वयाच्या अवघ्या २४व्या वर्षी, डॉक्टरेटचे सोपस्कार पूर्ण होण्याआधीच, स्वित्झर्लंडमधील बासेल विद्यापीठाने त्याला प्राध्यापक म्हणून बोलावले. जाताना त्याने प्रशियाचे नागरिकत्व सोडले आणि त्यानंतर आयुष्यभर तो कोणत्याच देशाचा नागरिक नव्हता.

घरच्यांनी आखलेली वाट, धर्म, देश, असे एकेक सुटत गेले. एवढे सगळे सोडणाऱ्या माणसाला आपण सहज ‘स्वतंत्र’ म्हणून टाकू. नीत्शेला मात्र सोडण्याचे कौतुक फारसे नव्हते. सोडणे ही फक्त सुरुवात आहे, असे त्याला वाटत होते.

आधीच्या विचारवंतांनी काय मिळवून दिले?

नीत्शेच्या आधी युरोपात स्वातंत्र्यावर भरपूर विचार झाला होता. इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८४ मध्ये लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात सांगितले, की माणूस वयाने मोठा होऊनही अज्ञानच राहतो. कारण स्वतः विचार करण्याचे धाडस त्याच्यात नसते. पुस्तक, धर्मगुरू, वैद्य यांनी आपल्यासाठी ठरवावे, हे त्याला सोयीचे वाटते. इंग्लंडमध्ये जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये स्वातंत्र्यावर लिहिलेल्या पुस्तकात आणखी एका मालकाकडे बोट दाखवले. तो मालक म्हणजे लोकमत. राजापेक्षाही ‘लोक काय म्हणतील’ हा धाक माणसाला जास्त दाबतो, हे त्याने ओळखले होते. दुसऱ्याला इजा होत नसेल, तर माणसाला त्याच्या पद्धतीने जगू द्या, असा त्याचा आग्रह होता.

हे दोघे स्वातंत्र्याचे दार उघडण्याबद्दल बोलत होते, आणि ते दार उघडणे गरजेचेच होते. नीत्शेचा प्रश्न दाराच्या पलीकडचा आहे. दार उघडल्यावर बाहेर पडणारा माणूस कसा आहे? त्याच्या आत कोणाची सत्ता चालते? बाहेरचा मालक गेल्यावर आतल्या आळसाने, रागाने, मत्सराने किंवा शेजाऱ्याची नक्कल करण्याच्या सवयीने गादी बळकावली, तर तो माणूस स्वतंत्र झाला का? फक्त मालक बदलला, एवढेच म्हणता येईल.

उंट, सिंह आणि मूल

हे समजावण्यासाठी नीत्शेने एक रूपक वापरले. ते त्याच्या ‘झरथुष्ट्र असे बोलला’ या पुस्तकात सुरुवातीलाच येते. १८८३ ते १८८५ या काळात हे पुस्तक चार भागांत झाले. भारतातले पारशी बांधव ज्या प्राचीन इराणी प्रेषिताला मानतात, त्याचेच नाव नीत्शेने आपल्या काल्पनिक नायकाला दिले. कारण चांगले आणि वाईट यांच्या झगड्यात सगळे जग प्रथम याच प्रेषिताने पाहिले, असे त्याचे मत होते. मग त्या विचाराच्या पुढचे पाऊलही त्याच्याच नावाच्या माणसाने टाकावे, अशी ही कल्पना.

तर रूपक असे. माणसाचे मन तीन रूपे घेते. पहिले रूप उंटाचे. तो गुडघे टेकतो आणि म्हणतो, ओझे लादा. कर्तव्य, परंपरा, शिस्त, मोठ्यांचे शब्द, सगळे तो पाठीवर घेतो आणि वाळवंटात निघतो. नीत्शे या उंटाची टिंगल करत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ओझे वाहण्याची ताकद नसेल तर पुढचे काहीच घडत नाही. ज्याने कधी काही मन लावून शिकले नाही, कोणासाठी काही सोसले नाही, त्याच्या बंडात दम नसतो.

दुसरे रूप सिंहाचे. वाळवंटात उंटाचा सिंह होतो. तिथे त्याला एक प्रचंड ड्रॅगन भेटतो आणि त्याच्या प्रत्येक सोनेरी खवल्यावर ‘तू हे केलेच पाहिजेस’ अशा अर्थाची आज्ञा चमकत असते. सिंह त्याला ‘नाही’ म्हणतो. स्वतःसाठी मोकळी जागा मिळवतो. घरात ‘मला माझ्या मनासारखं जगायचं आहे’ म्हणणारा आवाज तो हाच.

बहुतेक जण गोष्ट इथेच संपली असे समजतात. नीत्शे म्हणतो, सिंहाला एक गोष्ट येत नाही. नवे मूल्य, नवे काम, नवे जगणे निर्माण करणे त्याला जमत नाही. त्यासाठी तिसरे रूप हवे, लहान मुलाचे. मूल मागचे उगाळत बसत नाही. ते खेळ मांडते, खेळाचे नियम स्वतः करते आणि मग ते नियम मनापासून पाळतेही. अंगणात भातुकली मांडलेल्या मुलीला पाहा. तिथे कोणाची सक्ती नसते आणि गोंधळही नसतो. तिच्या खेळाला तिचेच कायदे असतात.

आपल्या आसपास सिंहाच्या पायरीवर अडकलेली माणसे खूप दिसतात. चाळिशी उलटली तरी ज्यांचे सगळे बोलणे वडिलांनी आपल्यावर काय लादले याभोवतीच फिरते, किंवा ज्यांची ओळख केवळ कशाला तरी विरोध करण्यातून बनलेली असते, अशी माणसे. त्यांचा राग खोटा नसतो. पण ज्याच्यावर राग आहे, तोच अजून त्यांचा दिवस ठरवत असतो.

स्वतःवर मात म्हणजे काय?

सिंहापासून मुलापर्यंत जाण्याची जी वाट आहे, तिला नीत्शेने ‘स्वतःवर मात’ म्हटले. याच नावाचे एक प्रकरण झरथुष्ट्राच्या पुस्तकात आहे. त्यातला मुख्य विचार असा, की जे जे जिवंत आहे ते आज्ञा पाळते. जो स्वतःची आज्ञा पाळू शकत नाही, त्याला दुसऱ्याची आज्ञा पाळावी लागते. आणि आज्ञा पाळण्यापेक्षा आज्ञा देणे अवघड असते, कारण देणाऱ्याला जबाबदारी घ्यावी लागते, स्वतःला पणाला लावावे लागते.

आपल्याकडे काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर या षड्रिपूंना जिंकण्याची भाषा लहानपणापासून कानावर असते. त्यामुळे स्वतःवर मात म्हटले की हे शत्रू मारून टाकायचे, असे चटकन वाटते. नीत्शेची वाट थोडी वेगळी आहे. भावना आणि ओढी मारून टाकल्या तर माणूस शुद्ध होत नाही, कोरडा होतो, असे त्याला वाटत होते. त्याने माळ्याचे उदाहरण दिले आहे. माळी बागेतली रोपे उपटून फेकत नाही. तो त्यांना छाटतो, वळण देतो, आधार देतो, एखाद्या रानटी वेलीचा मांडव करतो. आपला राग, महत्त्वाकांक्षा, अगदी मत्सरसुद्धा अशा रीतीने उपयोगाचा करता येतो. शेजारणीचे गाणे ऐकून पोटात दुखते, तेव्हा ते दुखणे सांगत असते की मलाही गायचे होते. मग तोंड वाकडे करायचे की हार्मोनियमवरची धूळ पुसायची, हे आपल्या हातात असते.

हट्टी सवयीशी लढण्याचे सहा उपाय

नीत्शे हवेत बोलणारा होता, असा समज आहे. पण १८८१ च्या ‘अरुणोदय’ या पुस्तकात त्याने अनावर ओढीशी झुंजण्याचे सहा मार्ग अगदी व्यवहारी पद्धतीने मांडले आहेत. त्याच्या यादीत मोबाइल नव्हता, पण उदाहरणादाखल आपण रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहण्याची सवय घेऊ.

१. प्रसंगच टाळा. ओढीला संधी मिळाली नाही की ती हळूहळू वाळते. फोन रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा.

२. वेळ बांधून द्या. ओढ पुरवायची, पण आपण ठरवू तेव्हाच. रात्री नऊ ते साडेनऊ, पुढे नाही. मधला काळ तरी मोकळा मिळतो.

३. अति करून वीट आणा. हा मार्ग धोक्याचा आहे, हे नीत्शेलाही ठाऊक होते. घोडा दमवायला निघालेला स्वार स्वतःच मान मोडून घेऊ शकतो.

४. ओढीला एखादा बोचरा विचार जोडून ठेवा. फोन उचलताना उद्या सकाळचे सुजलेले डोळे आणि चिडचिड आठवली, की हात थोडा थबकतो.

५. शक्ती दुसरीकडे वळवा. एखादे अवघड काम किंवा वेगळा आनंद शोधा, म्हणजे पहिल्या ओढीला इंधन कमी पडते.

६. सगळे शरीर आणि मनच दुबळे करून टाका. कडक उपासतापास करणारे हे करतात. इथे ओढीबरोबर माणसाचा उत्साहही संपतो.

यादी दिल्यावर तो एक नेमकी गोष्ट सांगतो. सवयीशी लढणारे आपल्या आत कोण असते? आपल्याला वाटते, ‘मी’ लढतो आहे. नीत्शे म्हणतो, लढणारीही दुसरी एक ओढच असते. चांगल्या झोपेची, मान मिळवण्याची, कोणावर तरी असलेल्या प्रेमाची. म्हणून केवळ ‘मनोबल वाढवा’ असा उपदेश फार टिकत नाही. सोडायचे आहे त्यापेक्षा मोठे, जास्त प्रिय असे काहीतरी हाताशी असावे लागते. ज्याला पहाटे टेकडी चढायची खरीच आवड लागली, त्याला रात्री फोन ठेवायला वेगळी शपथ घ्यावी लागत नाही.

आजारपणातली शाळा

हे सारे लिहिणारा माणूस सुखात नव्हता. डोके फुटेल अशी दुखणी, दिवसदिवस चालणाऱ्या उलट्या, आणि इतकी क्षीण दृष्टी की वाचन जवळपास बंद. १८७९ मध्ये, वयाच्या ३४व्या वर्षी, त्याला बासेलची नोकरी सोडावी लागली. विद्यापीठाने वर्षाला ३,००० फ्रँकचे निवृत्तिवेतन दिले. त्यावर तो पुढची दहा वर्षे भाड्याच्या खोल्यांत राहिला. हिवाळ्यात जेनोआ, नीस अशी उबदार गावे आणि उन्हाळ्यात स्वित्झर्लंडच्या डोंगरातले, सुमारे १,८०० मीटर उंचीवरचे सिल्स मारिया हे खेडे. तिथली त्याची साधी खोली आज संग्रहालयाचा भाग आहे.

वाचता येत नाही म्हणून तो चालू लागला. रोज कित्येक तास, खिशात वही घेऊन. सुचेल ते छोट्या छोट्या टिपणांत लिहायचे, आणि मग एका मित्राने त्याच्या गिचमिड अक्षरातून स्वच्छ प्रत करायची. १८८२ मध्ये त्याने डेन्मार्कमध्ये तयार झालेले एक लेखनयंत्रही वापरून पाहिले. आजच्या टाइपरायटरचे ते पूर्वज. डोळ्यांनी साथ सोडली तरी हात चालावेत, एवढाच हेतू. ते यंत्र लवकरच बिघडले. त्याचे छोट्या छोट्या परिच्छेदांत लिहिणे हे जितके शैलीमुळे तितकेच शरीराच्या मर्यादेमुळे होते. मर्यादा त्याला दूर करता आली नाही, पण तिच्यातून त्याने स्वतःची पद्धत घडवली.

एक मात त्याहून कठीण होती. संगीतकार रिचर्ड वाग्नर त्याला वडिलांच्या जागी होता. वाग्नर नीत्शेच्या वडिलांच्याच वयाचा. नीत्शेचे पहिले पुस्तकच वाग्नरच्या संगीताची भलामण करणारे होते. पण १८७६ च्या बायरॉइट महोत्सवात त्या संगीताभोवतीचा दिखाऊपणा आणि राष्ट्राभिमानाचा गजर त्याला सहन झाला नाही. तो दूर झाला. ज्याच्यावर जीव जडला त्याच्यापासून विचारांसाठी दूर होणे हे त्याला आयुष्यभर सलत राहिले. बाहेरच्या शत्रूला नकार देणे सोपे असते. आपल्याच भक्तीला नकार देणे फार जड जाते.

यश मिळाले म्हणावे तर तेही नाही. झरथुष्ट्राच्या पुस्तकाचा चौथा भाग त्याने स्वखर्चाने छापला, त्याच्या जेमतेम ४० प्रती होत्या.

पुन्हा हेच आयुष्य मिळाले तर?

१८८१ च्या ऑगस्टमध्ये सिल्स मारियाजवळच्या तळ्याकाठी फिरताना, एका मोठ्या पिरॅमिडसारख्या खडकाजवळ त्याला एक कल्पना सुचली. पुढच्या वर्षीच्या पुस्तकात त्याने ती मांडली. एका अगदी एकाकी रात्री कोणी येऊन तुम्हाला सांगितले, की हेच आयुष्य, याच सुखदुःखांसह, याच क्रमाने, तुम्हाला अनंत वेळा जगायचे आहे. नवे काहीही नाही. तर तुम्ही दात-ओठ खाल की आनंदाने होकार द्याल?

आपल्याला पुनर्जन्म माहीत आहे, पण तिथे पुढचा जन्म वेगळा असतो, आणि शेवटी सुटकेची आशा असते. इथे ती पळवाट नाही. ही एक कसोटी आहे. आजचा दिवस असा जगलो का, की तो पुन्हा आला तरी चालेल? सगळेच दिवस तसे नसतात. दुःखाचे, अपमानाचे दिवस कोणाला पुन्हा हवे असतील? पण नीत्शेचे म्हणणे असे, की जे घडून गेले ते बदलता येत नाही. त्याचे ओझे वाहायचे की त्यातून काही घडवायचे, एवढेच ठरवता येते. जे वाट्याला आले त्याच्यावर प्रेम करता येणे, ही त्याच्या मते स्वतःवरच्या मातीची, म्हणजे स्वतःला जिंकण्याची, सर्वांत वरची पायरी.

बहिणीने केलेला घात

इथवर वाचून वाटेल, की इतक्या आत्मशिस्तीच्या विचारवंताचा हिटलरशी काय संबंध? त्याची कथा त्याच्या घरातच आहे. बहीण एलिझाबेथने ज्यूंचा द्वेष करणाऱ्या एका प्रचारकाशी लग्न केले. नीत्शे त्या लग्नाला गेला नाही. ज्यूद्वेषाबद्दल त्याला वाटणारी घृणा त्याने पत्रांतून स्पष्ट लिहून ठेवली आहे. १८८६ मध्ये हे जोडपे ‘शुद्ध’ जर्मनांची वसाहत वसवायला दक्षिण अमेरिकेतील पॅराग्वेला गेले. तो प्रयोग फसला आणि १८८९ मध्ये नवऱ्याने आत्महत्या केली.

त्याच वर्षी जानेवारीत इटलीतील तुरिन येथे नीत्शे कोसळला. तेव्हा तो ४४ वर्षांचा होता. त्याची बुद्धी पुन्हा कधीच ताळ्यावर आली नाही. जर्मनीला परतलेल्या एलिझाबेथने भावाच्या हस्तलिखितांचा ताबा घेतला आणि १८९४ मध्ये त्याच्या नावाने संग्रह उभारला. त्याच्या मृत्यूनंतर, १९०१ मध्ये, त्याच्या सुट्या टिपणांतून निवडून, जुळवून तिने एक पुस्तक काढले आणि ते त्याचे मुख्य पुस्तक म्हणून खपवले. पुढे नाझींना हे सोयीचे ठरले. १९३५ मध्ये ती वारली तेव्हा अंत्यविधीला खुद्द हिटलर हजर होता. नीत्शेचे मूळ लेखन काळजीपूर्वक तपासून सादर करण्याचे काम जॉर्जिओ कोली आणि माझ्झिनो माँतिनारी या दोन इटालियन अभ्यासकांनी केले. त्यांची आवृत्ती १९६७ पासून प्रसिद्ध होऊ लागली.

या घाताचे मूळ एका छोट्या बदलात आहे. ‘मात’ करायची ती स्वतःवर. तिची दिशा बाहेर, दुसऱ्या माणसांकडे वळवली की तिथे तत्त्वज्ञान संपते आणि दंडेली सुरू होते. दुसऱ्याला चिरडणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःच्या भीतीवर आणि न्यूनगंडावर मात करू न शकलेला असतो.

डॉ. आंबेडकर आणि सिमोन द बोव्हुआर यांचे प्रश्न

पण सगळा दोष बहिणीच्या माथी मारून नीत्शेला मोकळे सोडता येणार नाही. स्त्रियांबद्दल त्याने हिणकस लिहिले आहे. लोकशाही आणि समता यांचा त्याला तिटकारा होता. १८८८ मध्ये त्याने फ्रेंच भाषांतरातून मनुस्मृती वाचली आणि तिची प्रशंसा केली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमके हे हेरले. त्यांच्या पश्चात महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या, हिंदू धर्माच्या तत्त्वज्ञानावरील लेखनात त्यांनी नीत्शे आणि मनू यांची तुलना केली आहे. नीत्शेवर त्यांची टीका कठोर आहे. तरीही त्यांनी एक फरक दाखवला. नीत्शेचा श्रेष्ठ माणूस त्याच्या गुणांमुळे श्रेष्ठ ठरतो, तर मनूचा जन्मामुळे. आणि जन्माने मिळालेले ते श्रेष्ठत्व गुण गेले तरी जात नाही. जिथे माणसाची जागा जन्मताच ठरते, तिथे स्वतःवर मात करून पुढे जाण्याला अर्थच उरत नाही, हे या तुलनेतून उघड होते.

फ्रेंच लेखिका सिमोन द बोव्हुआर हिने दुसऱ्या बाजूने प्रश्न विचारला. १९४७ च्या नीतिशास्त्रावरील पुस्तकात तिने मांडले, की मी एकटी स्वतंत्र होऊच शकत नाही. इतरही स्वतंत्र असतील तरच माझ्या स्वातंत्र्याला अर्थ येतो. दोन वर्षांनी आलेल्या ‘द सेकंड सेक्स’ या ग्रंथात तिने घरकामाकडे पाहिले. आज घासलेली भांडी उद्या पुन्हा घासायची, आज झाडलेली खोली उद्या पुन्हा झाडायची. घडवण्याचे, पुढे जाण्याचे काम पुरुषाने बाहेर करायचे आणि जे आहे ते टिकवत राहण्याचे काम बाईने घरात.

हे वाचले की नीत्शेच्या रूपकाला एक प्रश्न जोडावा लागतो. घरातल्या कोणाला उंटाच्या पुढे जाण्याची संधीच दिली नसेल, तर? जिला दिवसातला एकही तास स्वतःचा नाही, तिला ‘स्वतःवर मात कर’ म्हणून सांगणे हा उद्धटपणा झाला. आधी तो तास मिळाला पाहिजे, आणि तो बहुतेकदा घरातल्या दुसऱ्या कोणीतरी भांडी घासण्यातून मिळतो.

नीत्शेच्या स्वतःच्या आयुष्याचा शेवटही याची आठवण करून देतो. इतक्या कणखर एकाकीपणाची शिकवण देणारा हा माणूस शेवटची अकरा वर्षे पूर्ण परावलंबी होता. बासेल आणि येना इथल्या उपचारांनंतर त्याची आई, फ्रान्झिस्का, त्याला नाउमबुर्गच्या घरी घेऊन गेली आणि १८९७ मध्ये स्वतः मरेपर्यंत तिने त्याला सांभाळले. ज्या आईची श्रद्धा त्याने तिच्या घरात उभे राहून नाकारली होती, तीच. २५ ऑगस्ट १९०० रोजी वायमार येथे तो गेला, तेव्हा युरोपभर त्याचे नाव झाले होते, पण ते त्याला कळण्यापलीकडे होते.

आपण काय घ्यायचे?

आज मोबाइलवर ‘स्वतःची सर्वोत्तम आवृत्ती बना’ असे सांगणारे व्हिडिओ ढिगाने मिळतात. पहाटे चारला उठा, थंड पाण्याने आंघोळ करा, वर्षात ५० पुस्तके वाचा. वरवर हे नीत्शेसारखेच वाटते. फरक ओळखण्याची खूण सोपी आहे: हे माप कोणी ठरवले? ते दुसऱ्याच्या यादीतून उचलले असेल, आणि ते पूर्ण झाल्यावर इतरांना दाखवायचे असेल, तर तो उंटच आहे. ओझे तेवढे नवे, चकचकीत.

नीत्शेची शिस्त यापेक्षा शांत आहे. तरुणांसाठी त्याने सुचवलेला एक उपाय घरच्या घरी करून पाहता येतो. मागे वळून पाहा आणि स्वतःला विचारा, आजवर मी खरेखुरे कशावर प्रेम केले? कशाने माझे मन वर ओढले, भरून टाकले? अशा चार-पाच गोष्टी ओळीने मांडा. एखादी शिक्षिका, एखादे वाद्य, एखादे काम, एखादी जागा. त्या ओळीत तुमच्या स्वभावाचा कायदा दिसू लागतो. मुलांशी करिअरबद्दल बोलताना गुणपत्रिकेआधी ही यादी मांडली, तर संवाद वेगळाच होईल.

आणि घरात कोणी ‘मला माझ्या मनासारखं जगायचं आहे’ म्हणाले, तर लगेच वाद घालू नका आणि लगेच टाळ्याही वाजवू नका. ‘जग की. पण मनासारखं म्हणजे कसं, ते सांग,’ असे म्हणून शेजारी बसा. उत्तर यायला वेळ लागेल. कदाचित काही वर्षे लागतील. तेवढा वेळ आणि तेवढी मोकळीक एकमेकांना देणे, हे घरातल्या माणसांच्या हातात असते. पुढचे काम मात्र ज्याचे त्यानेच करायचे असते.